खेळाडूच्या आईची जागा

मालाकाईवर मारहाणीचा खटला उभा राहिला आणि रग्बी लीगच्या नियमानं, निकाल लागेपर्यंत त्याचं खेळणं बंद झालं. शनिवारी त्याची आई लुपे त्याचीच अकरा नंबरची जर्सी चढवून, खेळाडूंच्या घरच्यांसाठी राखलेल्या रांगेत ठाण मांडून बसली.

क्लबचा ग्रेग वाकून म्हणाला, "आंटी, उठा ना. अकरा नंबर आता दुसरा खेळतोय, त्याची आई कधीची उभी आहे. आणि मालाकाईला आम्ही दोषी थोडंच म्हणतोय? पगार चालू आहे त्याचा."

"मग बसू दे की तिला माझ्याशेजारी. मी सरकते."

"एवढी खात्री आहे तुमची, की त्यानं काही केलं नाही?"

"मला ठाऊक नाही. तुलाही नाही," लुपे म्हणाली. "पण घरी त्याच्या खुर्चीवर मी दुसऱ्या कुणाला बसवलेलं नाही."