हवेतली बोलणी

विट्याच्या ऋषिराजनं रीतसर परवाना काढून आपल्या ट्रकात हौशी बिनतारी संभाषणाचा हॅम रेडिओ बसवला होता. बेदाणा भरून पुण्याकडं निघाला, की साताऱ्याच्या पुढं खंडाळ्याचे आबा त्याला हमखास रेडिओवर भेटायचे. आबा फौजेच्या सिग्नल, म्हणजे संदेशवहन विभागातले निवृत्त सुभेदार. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण वर्षभर रेडिओवर गप्पा रंगायच्या. रेडिओतलं एवढं कळणारा पोरगा इंजिनिअरच असणार, असं आबांनी मनाशी धरून टाकलं होतं.

आज आबा तापलेले होते. "आमच्या शिवांजलीला विट्याचं स्थळ आलं हुतं. ट्रकवाला! पोराच्या माहितीचा कागद न उघडताच परत पाठवला बघ. तुज्यासारखा जावई मिळाला आस्ता, तर लगेच हो म्हटलं आस्तं. ओव्हर."

खंडाळ्याहून नकार आल्याचं मामानं ऋषिराजला सकाळीच सांगितलं होतं. त्यानं ट्रक कडेला घेतला, दोनदा घसा खाकरला आणि माईकचं बटण दाबलं.

"आबा, त्यो ट्रकवाला मीच. आता बी ट्रकातनंच बोलतोय. ओव्हर."

पलीकडून काहीच आलं नाही. नुसती खरखर. आबांनी सेट बंद केला असणार, असं समजून त्यानं जड हातानं गिअर टाकला.

तेवढ्यात एका मुलीचा आवाज आला.



"मी शिवांजली. आबा पंचांग हुडकायला आत गेल्यात. तवर तुमी माज्याशी बोला. ओव्हर."