लांब रेघ

"बाबा, ते कॅरम आजच्या आज फोनमधून काढा. हात जोडते," वृंदा म्हणाली.

सासरे पद्माकरराव मयूर विहारच्या फ्लॅटच्या बाल्कनीत फोनमध्ये गुंगले होते. ज्या कंपनीचा हा खेळ, तिच्या नोएडाच्या ऑफिसात लबाड खेळाडू हुडकणं ही वृंदाची नोकरी. आणि या आठवड्याच्या यादीत चक्क घरचंच नाव.

बाबांनी कुठूनसा खेळाचा चोरटा मॉड, म्हणजे फेरफार केलेलं बेकायदा ॲप, मिळवला होता. त्यात स्ट्रायकर मारायच्या आधीच सोंगटी नेमकी कुठे जाणार, त्याची लांब रेघ दिसते.

"असले मॉड मेसेज, ओटीपी, सगळं चोरतात. वर उद्या तुमचं खातं कायमचं बंद होईल. मग विश्वनाथकाकांशी कसे खेळाल?"

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. विश्वनाथकाका त्यांचे सरकारी ऑफिसातले जुने दोस्त. जेवणाच्या सुट्टीत दोघांचं कॅरम रंगायचं. काका भारी मानी. साहेबांनी एकदा मुद्दाम डाव सोडला, तर त्यांनी बोर्डच उलटा केला होता. आता ते मुलाकडे मानेसरला होते. अर्धांगवायूने उजवा हात गेला आणि माणूस बोलेनासा झाला. दुपारच्या या एका डावाने त्यांना पुन्हा बोलतं केलं होतं.

"आजारी माणसाशी कसली लबाडी बाबा? तुम्ही तर ऑफिसचे चॅम्पियन, नेम कधी चुकला नाही. साधं खेळा ना."

"साधं खेळून जमत नाही गं. विशूची नजर घारीची आहे."

तेवढ्यात काकांचा फोन आला. बाबा आत गेले. स्पीकरवर दोघांचं खदखदून हसणं बाल्कनीपर्यंत ऐकू आलं. परतले ते एकदम खुशीत.

"चलो, चहा टाक बघू," ते म्हणाले.

वृंदाला मनापासून वाईट वाटलं. इतका सरळ माणूस, आणि म्हातारपणी जिंकायची ही कसली हौस? पुरावा दाखवल्याशिवाय हे ऐकायचे नाहीत, म्हणून तिने लॅपटॉपवर त्यांचं खातं उघडलं.

विश्वनाथकाकांशी खेळलेले डाव एकशे बेचाळीस. प्रत्येकात रेघ चालू. प्रत्येकात बाबांची शेवटची सोंगटी पॉकेटच्या काठाला घासून, केसभर चुकून परतलेली.

जिंकलेले डाव, शून्य.