हातभर मागे

ताईने काउंटरवर तीन सेल तिरक्या रांगेत उभे केले, मधल्यावर नेम धरला आणि बटण दाबलं.

"हे काय गं?" धाकटीने विचारलं.

"सेलचा फोटो. बिचाऱ्यांचा कोण काढतं?"

दुकानदार हसला. जुन्या कॅमेऱ्यांचं त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही भिंतींना काचेची कपाटं. "बाई, कॅमेरा बघताय की जावई? किती उलटसुलट कराल!"

"जावई बिघडला तर समजूत घालता येते," ताई म्हणाली आणि तिने पडद्यावर फोटो मोठा केला.

मधला सेल पुसट होता. मागच्या सेलवरची बारीक अक्षरं मात्र चक्क वाचता येत होती. म्हणजे हा कॅमेरा जिथे नेम धरावा त्याच्या मागे फोकस करत होता. इथे बोटभर मागे. माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला असला, तर हातभर मागे. तिने फोटो पुसून टाकला.

दुसरा कॅमेरा शेजारीच होता. मुठीचं रबर झिजलेलं, कोपऱ्यांवरचा रंग उडालेला. त्याने मधला सेल अचूक टिपला होता.

"कुठला घेऊ? दोन्ही मला परवडतात," धाकटी म्हणाली.

कॉलेज संपल्यापासून ताई मामांच्या स्टुडिओत होती. पासपोर्टचे फोटो, ओळखपत्रांचे फोटो, रडकी बाळं, डोळे मिटणारे आजोबा, सगळं तिनेच निस्तरलं होतं. मामांना मूलबाळ नव्हतं, गुडघे कुरकुरत होते आणि स्टुडिओ कोणाकडे सोपवणार, ते त्यांनी अजून तोंडातून काढलं नव्हतं. अशात धाकटीने फोनवर काढलेला एक फोटो त्यांच्या हाती पडला. जिन्यात बसून बुटाची नाडी बांधणारे बाबा, बस्स. मामा बराच वेळ बघत राहिले.

"हिला नजर आहे," ते म्हणाले.

ताईला इतक्या वर्षांत ते "काम स्वच्छ आहे" एवढंच म्हणाले होते. आणि वर तिलाच सांगितलं, "हिला एखादा जुना, खिशाला झेपेल असा कॅमेरा बघून दे. तुझ्याइतकं कोणाला कळतंय त्यातलं?"

तो शेवटचा भाग ताईच्या कानात शिरलाच नाही. 'नजर' तेवढी कुसळासारखी रुतून बसली.

"हा घे." तिने पहिला, चकचकीत कॅमेरा पुढे सरकवला. "त्याचं रबर बघ, किती राबवलाय. हा फारसा वापरलेला नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

"आणि लेन्स?"

"ही. कमी उजेडातही चालते. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवून काढत जा. चेहरा उठून दिसतो आणि बाकीचं सगळं धूसर होतं."

धाकटीने तिला दुकानातच मिठी मारली.

पुढच्याच आठवड्यात ती फोटो घेऊन आली. "ताई, माझ्या मैत्रिणींचे कान काय सुरेख आलेत बघ. नाकं मात्र कोणाचीच नाहीत."

"हात हलत असेल. सराव कर."

धाकटी श्वास रोखून फोटो काढू लागली, भिंतीला टेकून काढू लागली, कोपर गुडघ्यावर रोवून काढू लागली. मामांनी विचारलं की म्हणायची, "अजून दाखवण्यासारखं नाही हो." ताई शेजारी बसून पासपोर्टचे फोटो कापत असायची. कात्री अगदी सरळ चालायची.

मामांनी काम थांबवायचं ठरवलं, तेव्हा घरच्या सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं. ताईने नेहमीप्रमाणे कॅमेऱ्याची तिपाई ओढली.

"तू राहू दे, तू इकडे ये," मामा म्हणाले. "आज धाकटी काढेल."

ताईचा हात तिपाईवरच राहिला. मग तिला वाटलं, काढू दे की. मामांच्या डोळ्यांदेखत काढू दे.

"दिवे नकोत," धाकटी म्हणाली. "खिडकीचा उजेड पुरे."

मामा खुर्चीत बसले. दोन्ही बाजूंना आईबाबा. ताई हक्काने मामांच्या मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"मामा, माझ्याकडे बघा ना!"

मामा खुदकन हसले. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं हसू नव्हतं ते.

बटण वाजलं.

रविवारी सगळे पुन्हा स्टुडिओत जमले, धाकटी तेवढी यायची होती. मामांनी खिशातून किल्ली काढून ताईच्या हातावर ठेवली.

"मला?"

"मग कोणाला? कागद तर केव्हाच केलेत. धाकटी फोटो काढायला लागली त्याच्याही आधी."

"पण नजर तर धाकटीला..."

"तिला हौस आहे गं. हौसेला जुना कॅमेरा पुरतो. स्टुडिओ चालवायला तू लागतेस."

ताईने मूठ मिटली. उद्याच जाऊन तो झिजलेल्या रबराचा कॅमेरा आणायचा. तिला सांगायचं, अगं, तुझा हात कधी हललाच नव्हता.

तेवढ्यात धाकटी दारातून आडवी होऊन आत आली. हातात तिच्याएवढी मोठी, कागदात गुंडाळलेली फ्रेम.

"ताई, हे तुझ्या स्टुडिओसाठी. दर्शनी भिंतीवर लावायचं, आधीच सांगते! मामा, तुम्ही थोडे पुसट आलात, रागावू नका. पण ताई अशी स्पष्ट आलीय ना, माझ्या हातून आजवर कोणीच तसं आलं नव्हतं. म्हणून हाच मोठा करून घेतला."

तिने कागद फाडला.

मामा, आई, बाबा, तिघेही धुक्यात बसल्यासारखे दिसत होते. त्यांच्या हातभर मागे ताईचा चेहरा होता, पापणी न् पापणी वेगळी दिसावी इतका स्पष्ट. ओठ आवळलेले, जबडा ताठ, आणि डोळे असे, की आईने धाकटीला दंडाला धरून आपल्याजवळ ओढून घेतलं.