शेवटचं नाव

नदीवरचं धुकं कुळगावातल्या घराच्या ओट्यापर्यंत आलं होतं. बुधाजी मास्तरांनी हजेरीपट मांडीवर उघडला, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला आणि हाक मारली, "हरिचंद्र."

धुक्याकडे कान देऊन थांबले. मग मान डोलावली, निळ्या पेनाने खूण केली.

"प्रीती... वेणूबाई..."

हरिचंद्र मास्तरांच्या जुन्या पलटणीतला. प्रीती चौथी ब मधली. वेणूबाई वॉर्डातली, जिच्या नळासाठी मास्तर नगरसेवक असताना पाइपलाइनच्या खड्ड्यात उतरून बसले होते. सगळे एका वहीत, मांडीला मांडी लावून. कोण लढाईत गेलेलं, कोण सासरी, कोण म्हातारपणाने. मास्तरांना सगळ्यांची ओ ऐकू येई.

दाराशी त्यांची बायको बनूबाई झाकलेलं ताट घेऊन उभी होती. मास्तरांच्या पोटात काल सकाळपासून पाण्यापलीकडे काही नव्हतं. माणसं पुरी आल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, ही त्यांची लढाईपासूनची शिस्त. आणि वहीतल्या शेवटच्या नावाला कालपासून ओ येत नव्हती.

बनूबाईला बोलता येत नव्हतं. चातुर्मासाचं मौन, आंघोळीपासून दुपारचं पान वाढेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. कार्तिकी पाच दिवसांवर आलेली. उद्यापनाला गावदेवीला द्यायची पितळी घंटा लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्याशी ठेवलेली. काल दुपारी मौन सुटताच ती म्हणाली होती, "आवो, तुमीच ना तो!" पण तोवर मास्तरांनी वही मिटली होती. हजेरी एकदाच, सकाळी.

फाटकाशी मोटारसायकल थांबली. मास्तरांचा विद्यार्थी सुजित, गळ्यात पक्षाचा गमछा, पन्नाशीचं पोट सावरत आत आला.

"सर, पाच मिनिटं! मोबाईलमध्ये बघून फक्त म्हणायचं, माझा सुजित. पूर्ण वॉर्डात फिरवतो." मग त्याला ताट दिसलं. "काकी, सर जेवले नाहीत?"

बनूबाईने मान हलवली, वहीकडे बोट केलं.

"बुधाजी," मास्तरांनी हाक मारली.

सुजित हसला. "हजर, सर!"

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "दुसऱ्याची हजेरी लावतोस? अंगठे धर."

"सर, उमेदवार आहे मी. लोक बघतात."

"बघू देत."

सुजितने अंगठे धरले. गमछा ओट्यावर लोळला. खालूनच तो म्हणाला, "सर, बुधाजी तुम्हीच की हो!"

"मी मास्तर," मास्तर शांतपणे म्हणाले. "बुधाजी नदीपल्याड राहिला. लढाईत पूल उडाला तेव्हा तो मागे होता. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच, म्हणाला."

धुकं हलत होतं. पलीकडून कोणी येत असल्यासारखं वाटे आणि ते झाडच निघे. मास्तरांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा थांबले. मग पेनाचं टोक नावासमोरच्या रिकाम्या चौकटीवर ठेवलं.

"आता गैरहजर लिहावं लागेल," ते पुटपुटले. "त्याच्या घरी कळवावं लागेल."

बनूबाईने देव्हाऱ्याकडे पाहिलं. देवीही काही बोलत नव्हती.

"हजर," बनूबाई म्हणाली.

सकाळच्या पारी तिचा आवाज घराने चार महिन्यांत ऐकला नव्हता. सुजितने अंगठे न सोडता मान वर केली. मास्तरांनी पेन उचललं.

"कोण बोललं?"

"त्याच्या घरचं मानूस."

"कधी आला तो?"

"कवाचाच आयलाय. माज्या जवलच हाय."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. वर्गात एखादं मूल खरं बोलतंय की नाही, हे ओळखायला बघत तसे. मग त्यांनी सावकाश, चौकटीबाहेर जाऊ न देता खूण केली आणि हजेरीपट मिटला.

"हजेरी संपली. घंटा द्या," ते म्हणाले.

बनूबाई आत गेली. तिने लाल फडकं सोडलं. गावदेवीची घंटा ओट्यावर तीनदा वाजली, आणि सुजित कमरेला हात लावत सरळ झाला. मोबाईल त्याने खिशातच राहू दिला.

बनूबाईने ताट मास्तरांपुढे सरकवलं. त्यांनी ते परत तिच्याकडे ढकललं.

"आधी त्याला वाढा. लांबून आलाय."

"त्यालाच वाढलंय," ती म्हणाली आणि ताट पुन्हा त्यांच्यापुढे ठेवलं.

मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला. दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसलेल्या माणसासारखा, खाली मान घालून, बुधाजी जेवू लागला.