वाटेतलं स्वागत

संगीत शिकवणाऱ्या बाईंना अजिबात दिसत नसे, तरी पदपथावर अंधांसाठी बसवलेल्या उंचवट्यांच्या पट्टीवर काठी टेकवत त्या रोज एकट्या शाळेत जायच्या. सोमवारी चौकात त्यांचं कपाळ लोखंडावर दाणकन आपटलं. ऐन पट्टीवर नवं शिल्प उभं होतं, दोन्ही हात पसरलेलं. नाव, ‘स्वागत’.

टेंगूळ घेऊनच बाईंनी पालिकेचं ऑफिस गाठलं. “अहो, मला दिसत नाही, पण तुम्हाला तरी दिसायला हवं होतं ना!”

साहेब वरमले. “चुकलंच बाई. आठवड्याभरात करून देतो.”

आठव्या दिवशी फोन आला, “झालं काम!” बाई खुशीत निघाल्या. चौकाच्या जरा अलीकडे काठी गुळगुळीत फरशीवरून सरकली. त्यांनी चाचपडत हात पुढे केला.

‘स्वागत’ जागच्या जागी होतं. साहेबांनी पट्टीच उखडून टाकली होती.