तीस हजार एकतीस
झिजलेल्या अंगठ्या सोनारापुढे ठेवल्या, तेव्हा आत कोरलेला आकडा भिंगातूनही दिसेना. आमचे हे गणिताचे मास्तर. लग्नात ह्यांनी दोन्ही अंगठ्यांत नावांऐवजी ३००३१ कोरून घेतलं. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार, अधिक एक. "अशा संख्येला कशानेही भाग जात नाही, आपलंही तसंच," म्हणाले होते. मी गुपचूप भागाकार करत बसले आणि एकोणसाठने भाग गेला. नव्या नवऱ्याच्या आनंदावर विरजण कशाला, म्हणून आजवर बोलले नाही. "तोच आकडा पुन्हा कोरू?" सोनाराने विचारलं. "नको. हिच्या अंगठीत एकोणसाठ, माझ्या अंगठीत पाचशे नऊ. गुणाकार तोच येतो." मी चपापले. "तुम्हाला कधी कळलं?" "काल. तुला?" "लग्नाच्याच आठवड्यात." ह्यांनी चष्मा पुसला. "मग हेही पाहिलं असशील, या दोघांखेरीज तिसऱ्या कुणानेही भाग जात नाही."