पंच्याऐंशी सेंटिमीटर

पाच वाजायला चाळीस मिनिटं उरली आणि पडद्यावर लाल खूण उगवली. कामिनीनं चष्मा कपाळावर ढकलला.

"आता तुझं काय दुखतंय बाबा?" ती कॉम्प्युटरला म्हणाली. सकाळपासून तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. करारावर तिघं होती. दोघांचा करार मार्चमध्ये संपला, उरली ही. शहराबाहेर, हायवेलगतच्या वाडीला खोलीवर जावं, तर तिथेही ट्रकच्या हॉर्नखेरीज कुणी तिच्याशी बोलत नव्हतं.

काम तसं सरळ. गावोगावच्या विहिरींचं पाणी किती खोल गेलं, याची जुनी रजिस्टरं. एका खात्यानं फुटात मोजलेलं, दुसऱ्यानं मीटरमध्ये. कुणी जमिनीपासून, कुणी काठापासून. हा सगळा सावळागोंधळ एकाच साच्यात बसवायचा, म्हणजे इथला आकडा दिल्लीत काय अन् जर्मनीत काय, कुणालाही आपल्या आकड्याशेजारी ठेवून वाचता यावा. साच्यात बसली ती विहीर जगाची झाली. नाही बसली ती वगळायची, आणि तिची रजिस्टरं सोमवारी रद्दीत. आज शेवटचा दिवस होता, मुदत पाचपर्यंत.

लाल झालेली विहीर उमरेडकडची. नोंदी ठेवणारे नत्थूजी. दर आठवड्याला एक नोंद, अठ्ठावीस वर्षं, एक खाडा नाही. पण २०१२च्या एप्रिलमध्ये पाणी एका आठवड्यात पंच्याऐंशी सेंटिमीटर खाली गेलं. आजूबाजूच्या चार विहिरी मात्र जागच्या जागी. मग २०२१च्या नोव्हेंबरात पाणी पुन्हा वर आलं, तेही नेमकं पंच्याऐंशी. शेऱ्याचा रकाना दोन्हीकडे कोरा. यंत्रानं निकाल देऊन टाकला: नोंदी अविश्वसनीय, वगळा.

बोट बटणावर गेलं होतं. पण इतकं सुबक, एका रेषेत लिहिणारा माणूस उगाच आकडे ठोकून देईल, हे काही तिच्या मनाला पटेना. रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं एक मोबाइल नंबर होता. फोन करावा असं कुठल्या नियमात नव्हतं. तिनं लावला.

"कोन?"

"नत्थूजी का? मी नागपूरच्या ऑफिसातून बोलतेय. तुमच्या विहिरीच्या नोंदींबद्दल विचारायचं होतं."

"अठ्ठावीस वर्षांत हा पयला फोन हाय, बाई," म्हातारा म्हणाला. "मले वाटे, वाचतच नाई कोनी."

वाचणारं कुणी आहे का, हे तर कामिनीही रोज स्वतःलाच विचारायची. तिनं विचारलं, "पाणी कुठून मोजता तुम्ही?"

"काठापासून. सायबानं पयल्याच दिवशी सांगतलं होतं, काठापासूनच मोजाचं. काठ वर गेला, तं म्याबी वरून मोजलं."

"म्हणजे काठ वर गेला होता?"

म्हातारा घुटमळला. मग आवाज खाली आणून सांगू लागला, जसं काही ऑफिसातलं सगळं खातं कान देऊन बसलं होतं. "माही बायको, सुभद्रा, तिचे डोये गेले त्या साली. तरी पान्याले जाचीच, आयके नाई. मंग म्या इहिरीले कठडा बांधला, तिच्या कमरेएवढा. जमिनीपासून कमरेपर्यंत तिची उंची तुमच्या ऑफिसच्याच टेपानं मोजली. पंच्याऐंशी भरली. सरकारी टेप घरच्या कामाले वापरला म्हून भेव वाटे. शेऱ्यात लिवलं नाई."

कामिनी हसली. रिकाम्या ऑफिसात तिला स्वतःचंच हसू परकं वाटलं. तिनं झरझर भरलं: एप्रिल २०१२, काठ उंचावला, पंच्याऐंशी सेंटिमीटर. एक खूण हिरवी झाली.

"अन् एकवीस साली?"

"कठडा पाडला."

नोव्हेंबर २०२१, काठ पूर्ववत. दुसरीही खूण हिरवी झाली. अठ्ठावीस वर्षांच्या नोंदी सरसर निघून गेल्या, नत्थूजींची विहीर जगाची झाली. पाचला सात मिनिटं कमी होती. तिनं त्यांना तसं सांगितलंही: "नत्थूजी, तुमचे आकडे आता कुणीही वाचू शकतं. दूरदेशीही."

"असं का," नत्थूजी म्हणाले. "चांगलं झालं."

आता फोन ठेवायला हरकत नव्हती. कठडा का पाडला, याला साच्यात रकाना नव्हता. यंत्राला तारीख हवी होती, माप हवं होतं, ते मिळालं. पण कामिनीला फोन ठेववेना. ऑफिसातली भाषा गळून पडली आणि ती माहेरच्या बोलीत विचारून गेली, "काहून पाडला जी, एवढा चांगला कठडा?"

मागे कुठेतरी बकरी ओरडली.

"सकाय-संध्याकाय त्याच्यावर हात टेकून उभी राहे ती. मंग गेली," ते म्हणाले. "मले तं सारं दिसते, बाई. तिथं कोनी उभं नाई, हे रोज दिसे."